चार बोटं कोरी दोरी

वांद्रे
रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय लुईझा,

लिहायला फार उशीर केला, त्याची माफी आधी मागतो. सहा नाताळ झाले. दर नाताळला तुझं कार्ड अर्नाळ्याला येतं, मी ते वाचतो, बिस्किटाच्या डब्यात ठेवतो आणि उत्तर देत नाही. यंदाचं अजून यायचं आहे. ते येण्याआधी आपणच लिहावं असं वाटलं. गेल्या वर्षीचं कार्ड प्रार्थनेच्या पुस्तकात घालून इथे आणलं होतं, त्याच्यावरून तुझा आयर्लंडचा पत्ता उतरवतो आहे. एकेका इंग्रजी अक्षरावर बोट ठेवून काढलं आहे. तरी एखादं चुकलं असेल तर पत्र कुठल्या गावाला जाईल देव जाणे. पाचवी शिकलेल्या माणसाच्या हातून जेवढं नीट होतं तेवढं केलं.

मी पत्र लिहितो आहे हे ॲन्सेल्मला माहीत नाही. सॅन्ड्रालाही नाही. तू फोन करू नकोस. फोन त्यांच्या हातात असतो. पत्रच पाठव, आणि पाकिटावर माझंच नाव घाल.

दहा तारखेपासून मी तुझ्या भावाकडे आहे. सॅन्ड्राची आई प्रिन्सीला सांभाळायची, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सॅन्ड्राला उद्यापासून दुपारची पाळी आहे. म्हणून असं ठरलं की उद्यापासून प्रिन्सीला मी शाळेतून आणायचं, जेवायला वाढायचं आणि संध्याकाळी बँडस्टँडवर फिरवून आणायचं. प्रिन्सी आठ वर्षांची झाली. तू बघितलीस तेव्हा भिंत धरून चालत होती. तुझ्यासारखीच आहे, प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसते.

ही माणसं चौथ्या माळ्यावर राहतात. लिफ्ट आहे, पण मी जिन्याने जातो. लिफ्ट मध्येच थांबली तर आत कोणाला हाक मारणार? रस्ता ओलांडायचाही धाक आहे. दिवा हिरवा होतो आणि मी अर्ध्यात असतानाच पुन्हा लाल होतो. सॅन्ड्रा म्हणते, "पपा, सगळे जातात, तुम्ही पण जा." सगळे जातात ते मलाही दिसतं.

काल शनिवारी प्रिन्सीला घेऊन बँडस्टँडवर गेलो होतो. उद्यापासूनच्या कामाची तालीम म्हण. तू मुंबईत नोकरीला होतीस तेव्हा ती जागा बघितलीच असशील. आता कडेने चालायचा लांबलचक रस्ता बांधला आहे, बाकं आहेत, बाग आहे. टोकाला पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा तुकडा आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यापुढे तो म्हणजे पोरांनी वाळूत केल्यासारखा. लोक धावतात, कुठे पोचायचं नसताना. कुत्र्यांना अंगडी घालून आणतात. एका नटाच्या बंगल्याच्या फाटकापुढे माणसं उभी राहून फाटकाचेच फोटो काढतात. प्रिन्सी म्हणाली, "आजा, तो कधी कधी बाहेर येतो ना!" मी म्हटलं, "आपले फादर पन रोज बाहेर येतात, त्यांचा कोन फोटो काढतं?" ती एवढी हसली की तिला उचकी लागली.

आम्ही बाकावर बसलो, नारळपाणी प्यायलो, बागेत गेलो. बागेतल्या नळाखाली प्रिन्सीचा फ्रॉक भिजला. तिची एक सँडल कुत्र्याने नेली. सॅन्ड्रा थोडी रागावली, सँडल नवीन होती. बाकी सगळं ठीक झालं.

आज नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. मिस्साला गेलो होतो. पहिली जांभळी मेणबत्ती लावली, आणि मी मफलर तोंडावर ओढून घेतला. बाजूच्या बाईने विचारलं, थंडी वाजते का. मी हो म्हटलं.

एक विचारायचं होतं. तू नर्स आहेस म्हणून विचारतो, दुसरं काही मनात आणू नकोस. तुझ्या डॉमनिक काकाचं जे झालं, त्याची सुरुवात कशी असते? पहिल्यांदा माणूस काय विसरतो? नावं, की दिवस?

सोमवार, १ डिसेंबर

कालचा कागद अजून माझ्याकडेच आहे. पोस्टाची सुट्टी होती. आज उघडं होतं, पण गेलो नाही. कालचं पत्र वाचलं आणि लाज वाटली. त्यात मी खोटं लिहिलं आहे.

आज प्रिन्सीला शाळेतून आणलं. शाळा दीडला सुटते. मी साडेअकरापासून फाटकाशी उभा होतो. रखवालदार म्हणाला, "काका, दोन तास आहेत, घरी जाऊन या." घरी गेलो आणि परत यायचं राहिलं तर? हे त्याला कसं सांगणार? शाळेचं नाव, इमारतीचं नाव आणि ॲन्सेल्मचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवला आहे. दुसरी चिठ्ठी पँटच्या खिशात. पोरगी फाटकातून बाहेर आली तेव्हा तिचा हात एवढा घट्ट धरला की ती ओरडली, "आजा, दुखतंय!"

संध्याकाळी बँडस्टँडवर गेलो, कारण जायचं ठरलं होतं. कठड्याजवळ गेलो नाही. पलीकडच्या फुटपाथला, भिंतीला पाठ लावून बसलो. प्रिन्सी म्हणाली, "इथून काय दिसणार? गाड्या?" मी म्हटलं, गाड्या बघ. तिने खरंच गाड्या मोजल्या. एकदाही खाली खडकावर जाऊ म्हणाली नाही. मग सहाला घरी आलो.

आता खरं लिहितो. आज नाही, उद्या. जेवायला हाक मारताहेत.

मंगळवार, २ डिसेंबर

सॅन्ड्रा तिच्या आईकडे गेली, तिथूनच कामावर जाईल. घरात कोणी नाही. दहा वाजलेत. साडेअकराला निघायचं, म्हणजे दीड तास आहे.

आपल्या घरची तिथीची दोरी तुला आठवत असेल. खिडकीच्या खिळ्याला असायची. अमावस्या संपली की पहिल्या सकाळी एक गाठ, मग रोज सकाळी चहाच्या आधी एक. पौर्णिमेला सगळ्या सोडायच्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात. गाठी मोजल्या की तिथी कळते, आणि तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. माझ्या बापाने तेच केलं, मी तेच केलं. होडी विकून अकरा वर्षं झाली, तरी सकाळी हात आधी दोरीकडे जातो. ॲन्सेल्म म्हणतो, "पपा, भरतीची वेळ मोबाईलवर येते." येऊ दे.

इकडे येताना दोरी खिळ्यालाच विसरलो. प्रिन्सीच्या शाळेच्या कामातली नवी निळी नायलॉनची दोरी उरली होती, ती घेतली. गेल्या अमावस्येनंतर तिच्यावर पहिली गाठ मारली.

शनिवारी बँडस्टँडवर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. खिशात हात घालून गाठी मोजल्या. पाच. म्हणजे पंचमी. पंचमीला पावणेचारला भरती पूर्ण. म्हणजे आता पाणी उतरतं आहे. प्रिन्सीला म्हटलं, "चल, तुला खडकातल्या चिंबोऱ्या दाखवतो." इथे सगळे दर्याकडे पाठ करून फोटो काढतात. मला वाटलं, आपल्या पोरीने तरी दर्याकडे तोंड करावं.

खाली उतरायच्या पायऱ्यांशी पाटी आहे, भरतीच्या वेळी खडकावर जाऊ नये. ती वाचून मी हसलो. शिट्टीवाला रखवालदार धावत आला. "चाचा, ऊपर आ जाओ, पानी चढ रहा है." मी त्याला विचारलं, "तू कुठला रे?" म्हणाला, "जौनपूर." मी म्हटलं, "मग मला दर्या शिकवू नको." प्रिन्सीला ते आवडलं. ती पुढे उड्या मारत गेली.

लुईझा, मी आंधळा झालो होतो. कालवं काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन वर येत होत्या. ओहोटीला कालवंवाली वर का येईल? मी मनात म्हटलं, मुंबईच्या बायका, आळशी. खडकाची कड कोरडी होती. उतरत्या पाण्यात कड ओली राहते, हे मी तुला चार वर्षांची असताना शिकवलं होतं. डोळ्यांनी बघितलं आणि विश्वास ठेवला खिशातल्या दोरीवर.

एक मोठा सपाट खडक होता, मधे कंबरभर खोल कोरडा चर ओलांडून जायचा. तिथे बसलो. चिंबोऱ्या होत्या. प्रिन्सीने एकीला काडी लावली, ती नांगी उगारून भांडायला आली. मी तिला होडीतल्या गोष्टी सांगत होतो. किती वेळ गेला कळलं नाही. मग ती म्हणाली, "आजा, बघ, दिवसा चंद्र!"

आमची तोंडं पाण्याकडे होती. चांद मागे, इमारतींच्या वर. मी मान वळवली.

पंचमीची कोर नव्हती ती. अर्ध्याहून फुगलेला चांद होता. नवमीचा. मी डोळे पुसले, पुन्हा बघितलं. दोरी बाहेर काढून गाठी मोजल्या. पाच. पुन्हा चांद बघितला. चांदाला कोणी गाठ मारत नाही, तो चुकत नाही. नवमीला भरती पावणेसातला. पाणी उतरत नव्हतं, चढत होतं आणि अजून दीड तास चढणार होतं.

चर भरला होता. पाणी आत येऊन फिरत होतं. प्रिन्सीच्या छातीपर्यंत गेलं असतं. मला पोहता येतं, तुला माहीत आहे. पण मी एक्याहत्तर वर्षांचा आहे, पोरगी कडेवर, पायाखाली शेवाळ. मी तिथेच बसून राहिलो. हाक मारावी हेही सुचलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं. चार गाठी कुठे गेल्या? चार सकाळी मी काय करत होतो?

प्रिन्सीनेच हाक मारली. एक कालवंवाली पायरीवर टोपली निथळत ठेवून बसली होती. तिने बघितलं, लुगडं वर खोचलं आणि कंबरभर पाण्यातून आली.

"आवो काका, फोटो काडाला बसलाव काय? द्या पोरीला इकडं!"

तिने प्रिन्सीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. चरातून जाताना प्रिन्सीची सँडल पायातून सुटली. मला ती वाहत जाताना दिसली. कुत्र्याबित्र्याने नेली नाही.

वर आल्यावर बाई म्हणाली, "कंच्या गावचं तुमी?"

लुईझा, मी म्हटलं, "नाशिकचा."

"तरीच! कुंडातलं पानी नि दर्याचं पानी सारखंच वाटलं काय?" ती हसली. रखवालदारही हसला. तो जौनपूरचा माणूस माझ्याकडे बघून हसला आणि मी मान खाली घातली. अर्नाळ्याच्या पाटील गल्लीतल्या फर्डिनंडने भरती चुकवली, हे माझ्या तोंडातून निघालं नाही.

बागेत नळ नव्हता. आम्ही बाकावर फ्रॉक वाळवत बसलो. प्रिन्सीने बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आजा, आपण नाशिकचे आहोत?"

"नाही."

"मग?"

"मम्मीला सांगू नको."

"कुठलं? नाशिकचं की पाण्याचं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

नवमी भांगाची असते, पाणी फार चढत नाही. म्हणून वाचलो. हेच चार-पाच दिवसांनी, उधाणाच्या दिवशी झालं असतं, तर हे पत्र दुसऱ्या कोणी तुला दुसऱ्याच कारणाने लिहिलं असतं.

आता तुला कळलं मी डॉमनिकचं का विचारलं. तो दुसऱ्याच्या होडीत जाऊन बसायचा, ही आपली म्हणायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. तू नोकरीवरून सुट्टीला आलीस आणि म्हणालीस, "पपा, काकाचं विसरणं साधं नाही, डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, माझ्या भावाला वेडा ठरवतेस? नर्स झालीस म्हणून? चार महिन्यांनी ओहोटीला तो खांद्यावर वल्हं घेऊन चालत निघाला, जिथे वीस वर्षांपूर्वी आमची होडी नांगरलेली असायची तिकडे. पाणी भरलं. दुसऱ्या सकाळी किल्ल्याच्या बाजूला मिळाला. मातीच्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, "मी सांगितलं होतं, पपा." आणि मी फादरसमोर, सगळ्या गावासमोर तुला म्हटलं, पुन्हा माझ्या घरात पाय ठेवू नको.

तू ठेवला नाहीस. कार्ड पाठवलंस. सहा.

साडेअकरा वाजले. निघतो.

बुधवार, ३ डिसेंबर

थोडंच लिहितो.

सकाळी दात घासून दोरीपाशी गेलो आणि गाठ मारली की मारायची आहे, आठवेना. शनिवारपासून मी त्या राहिलेल्या चार गाठींसाठी चार बोटं कोरी सोडली आहेत आणि पुढे गाठी चालू ठेवल्या आहेत. आधीच्या पाच, मग कोरी जागा, मग चार. कोरी जागा धरून तेरा झाल्या. त्रयोदशी. म्हणजे मारली होती. कधी मारली?

मग बसून स्वतःची परीक्षा घेतली. बंदरातल्या होड्यांची नावं म्हटली, बावीस आठवली. तुझ्या आईच्या मातीला कोणत्या फादरनी मिस्सा केली, आठवलं. रोझरीच्या माळेची गूढं म्हटली, दुःखाच्या गूढांत चौथ्याला अडकलो. क्रूस खांद्यावर घेतला, ते. मग आठवलं. हे म्हातारपण आहे की ते? तुला ओळखता येतं का, पत्रावरून?

ॲन्सेल्मला सांगितलं तर काय होईल तेही सांगतो. तो ओरडणार नाही. तो गप्प होईल, सॅन्ड्रा गप्प होईल आणि मला रविवारी अर्नाळ्याला सोडतील. तिथे रिकामं घर, आणि समोर तोच दर्या. आणि पोरगी माझ्या हातात पुन्हा देणार नाहीत. बरोबरच आहे. पण नाही सांगितलं, आणि उद्या रस्त्यात मी हात सोडला तर? कुठल्या दिव्याला जायचं तेच विसरलो तर?

रोज दुपारी ती फाटकातून धावत येते आणि सगळ्या पोरांत ओरडते, "माझा आजा!" हे सोडवत नाही.

प्रिन्सीने काल विचारलं, "आजा, तू रडतोस का?" डोळ्यांत औषध घातलं म्हटलं. तिने औषधाची बाटली मागितली.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज पौर्णिमा. दोरीवर हिशेबाने चौदाच होतात, पण पंधरवड्यात एखादी तिथी गळते, ते माझं विसरणं नाही. तरी सॅन्ड्राच्या फोनवर बघून घ्यायला लावलं. ती म्हणाली, "आता मोबाईल लागला का पपा?" मी म्हटलं, हो, लागला.

आज शाळा अर्धी, साडेअकराला सुटली. सुटल्यावर प्रिन्सी म्हणाली, "आज कठड्याजवळ बसूया. मी तुझा हात धरते." म्हणून घरी न जाता थेट बँडस्टँडवर गेलो. दुपारचे बारा. उधाणाचं पाणी नुकतं उतरायला लागलं होतं. अजून लाट भिंतीला आदळून वर रस्त्यावर शिंतोडे उडत होते, लोक किंचाळत होते, हसत होते, फोटो काढत होते. शिट्टीवाला तिथेच होता. मला बघून म्हणाला, "नासिकवाले चाचा, आज नहीं उतरना?"

प्रिन्सीने विचारलं, "आपला खडक कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. तिथे खडक नव्हताच. पाणीच होतं, तपकिरी, जाड, आणि वरून लाट फुटतही नव्हती, एवढं खोल. आम्ही दोघं त्या जागेकडे बघत राहिलो. तिने माझा हात धरला होता तो हलक्याने दाबला.

मी दोरी काढली. पौर्णिमेला गाठी सोडायच्या असतात. नखाने पहिली सैल करत होतो, तोच ती म्हणाली, "आजा, तुला एक सांगू? रागावणार नाहीस?"

"नाही."

"त्या चार गाठी मी सोडल्या होत्या. खेळताना. शनिवारच्या आधी. तुझ्या खिशातून काढली होती दोरी." मग एका दमात म्हणाली, "म्हणजे तू विसरला नाहीस. माझ्यामुळे झालं. आता तू गावाला नाही ना जाणार?"

लुईझा, माझ्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. त्या क्षणी मला वाटलं, हे पत्र फाडून टाकावं. मी बरा आहे. पोरीने खोडी केली, एवढंच. दर्या मला विसरला नाही, मी दर्याला विसरलो नाही. मी हसलोसुद्धा. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाठी सोडत राहिलो.

एक सोडली, दुसरी सोडली. आमची गाठ ओढून बसते, लहान पोराच्या नखांनी सुटत नाही. माझ्याच नखांना वेळ लागत होता. आणि सुटली की नायलॉनला तिथे वळ राहतो, मुरगळलेला, पांढुरका. दोरी सरळ केली तरी तो जात नाही. पाच गाठींचे पाच वळ. मग ती चार बोटं आली.

तिथे वळ नव्हता. मी उजेडात धरली, बोटांमधून ओढली, दोनदा ओढली. दुकानातून आणल्यासारखी गुळगुळीत. तिथे कधी गाठ पडलीच नव्हती.

प्रिन्सी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दोरी खिशात टाकली. आम्ही भाजलेलं कणीस घेतलं, अर्धं अर्धं खाल्लं, घरी आलो.

तिने कुठून ऐकलं ठाऊक नाही. कदाचित मी एकटा बसलो की मोठ्याने बोलतो आणि मला कळत नाही. चार गाठी कुठे गेल्या, चार सकाळी कुठे गेल्या, असं. तिने ते ऐकलं आणि स्वतःवर घेतलं. आठ वर्षांची पोर आजाला वाचवायला खोटं बोलते आहे. हे तिला मीच शिकवलं, त्या बाकावर, नाशिकचा म्हणून. उद्या मी रस्त्यात भलतीकडे वळलो, तर ती गप्प माझ्यामागून येईल आणि घरी सांगेल, आजा नाही चुकला, मीच म्हटलं इकडून जाऊया. ती मला सांभाळायला लागली आहे. सांभाळताना कुठपर्यंत येईल? त्या खडकापर्यंत आली असती.

म्हणून ॲन्सेल्मला आज सांगतो. तो साडेसातला येतो, आता सहा वाजलेत. प्रिन्सी आत अभ्यास करते आहे, आवाज ऐकू येतो. दोरी टेबलावर ठेवली आहे, त्याच्या पाण्याच्या तांब्याशेजारी. तो आल्यावर मी टाळलं, किंवा विसरलो, तरी तोच विचारेल, पपा, हे काय?

मला फार भीती वाटते, बाय. वादळात वाटली नाही एवढी. वादळात होडी कुठे आहे हे तरी माहीत असायचं.

पहिल्या पानावर मी लिहिलं आहे की फोन करू नकोस. ते खोडत नाही, पण ते मानू नकोस. फोन कर. ॲन्सेल्मच्याच फोनवर कर, नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. त्याला सांग कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, काय विचारायचं. तो माझं ऐकून गप्प होईल, तुझं ऐकून उठेल. आणि मग फोन मला द्यायला सांग. मला जे सांगायचं ते सांग. तेव्हा डॉमनिकबद्दल तू सांगितलंस ते खरं होतं, आणि मी तुला गावासमोर घालवलं. त्याची माफी फोनवर मागता येईल की नाही माहीत नाही, म्हणून इथे मागून ठेवतो.

उद्या दुपारी मी शाळेच्या वाटेवर असेन की नाही, ते आता ॲन्सेल्म ठरवेल. पत्र मात्र त्याच्या हातूनच पोस्टात टाकतो. काल वाटेत पोस्टात विचारलं होतं, तिथली बाई म्हणाली पंधरा दिवस लागतात. पंधरा दिवस म्हणजे एक पूर्ण दोरी. उद्यापासून गाठ मी प्रिन्सीसमोर मारणार, आणि तिला मोजायला लावणार.

लवकर कळव. पत्र हातात पडेल त्याच दिवशी कळव. फोन वाजला आणि तू "पपा" म्हणालीस, तर कोण बोलतंय हे मला विचारावं लागू नये, एवढ्या लवकर.

तुझा पपा,
फर्डिनंड